नाही म्हणण्याची मोकळीक आणि जाब विचारण्याची सोय

दुकान मध्ये न ठेवता कंपनीचा माल विक्रेत्याच्या हातून सरळ ग्राहकाच्या घरी पोहोचवण्याच्या पद्धतीला थेट विक्री म्हणतात. आणि स्वतःच्या विक्रीबरोबरच आपण या कामात आणलेल्या इतरांच्या विक्रीवरही विक्रेत्याला कमिशन मिळत असेल, तर तीच पद्धत नेटवर्क मार्केटिंग या नावाने ओळखली जाते. ज्याने आपल्याला या कामात आणले तो आणि त्याच्या वरची माणसे म्हणजे अपलाइन, आपण आणलेली व त्यांनी पुढे जोडलेली माणसे म्हणजे डाउनलाइन, आणि प्रत्येक वस्तूला कंपनीने दिलेले जे गुण महिनाअखेरीस मोजून कमिशन ठरते ते म्हणजे पॉइंट, एवढी परिभाषा लक्षात घेतली की या व्यवसायातले बरेचसे बोलणे उलगडते. भारतात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ओरिफ्लेम, टपरवेअर, मोदीकेअर, अ‍ॅमवे या कंपन्या एकामागून एक बाजारात उतरल्या, आणि मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावांपर्यंत अनेक मध्यमवर्गीय घरांत, विशेषतः गृहिणी, निवृत्त कर्मचारी आणि नोकरी सांभाळून जोडधंदा शोधणारे यांच्यात, हे काम रुजले.

पहिली सुमारे दोन दशके हा व्यवसाय समोरासमोर बसूनच चालला. पुढे स्मार्टफोन आणि स्वस्त इंटरनेट आले, यूपीआयमुळे पैसे देणे-घेणे सोपे झाले, आणि मार्च २०२० च्या टाळेबंदीने तर कोणाच्याही घरी जाण्याचा रस्ताच बंद केल्यामुळे होते नव्हते ते सगळे काम पडद्यावर गेले. टाळेबंदी उठल्यावर मात्र प्रत्येक विक्रेत्यापुढे एक प्रश्न उभा राहिला, की यापुढे भेटायचे किती आणि फोनवर भागवायचे किती. या प्रश्नाचे उत्तर बहुधा सोयीच्या हिशेबाने दिले जाते: ज्यात वेळ व प्रवासखर्च वाचतो ते ऑनलाइन, उरलेले प्रत्यक्ष. या कामात वर्षे घालवलेल्यांचा अनुभव नीट तपासला, तर हा हिशेब अपुरा ठरतो. दोन्ही पद्धतींचा मेळ विक्रेत्याच्या सोयीवरून न ठरवता, त्या मेळात ग्राहकाला नाही म्हणण्याची मोकळीक आणि पुढे जाब विचारण्याची सोय या दोन गोष्टी राहतात की नाही, यावरून ठरवावा लागतो. पहिली गोष्ट पडदा चांगली देतो, दुसरी गोष्ट भेट चांगली देते, आणि या व्यवसायातले बहुतेक अपयश ही वाटणी उलटी केल्याने आलेले आहे.

भेटीचे बळ आणि भेटीची भीड

जुन्या पद्धतीत नव्या विक्रेत्याला अपलाइनकडून मिळणारा पहिला धडा नावांच्या यादीचा असे. वही घेऊन शंभर नावे लिहायची, आणि ती आठवावीत म्हणून लग्नाच्या आमंत्रणांची यादी, शाळेतले सोबती, कचेरीतले सहकारी, सोसायटीतले शेजारी, भिशीतल्या बायका, भजनी मंडळ अशी एकेक ओळखीची वर्तुळे डोळ्यांसमोर आणायची. या यादीतल्या माणसांना कोणाच्या तरी घरी बोलावून भरणाऱ्या बैठकीला होम मीटिंग म्हणतात. रविवारची दुपार किंवा संध्याकाळी सातनंतरची वेळ, चहा-पोह्यांची सोय, टेबलावर मांडलेला माल आणि भिंतीला टेकवलेला पांढरा फळा असा तिचा थाट असे. त्या फळ्यावर वर्तुळे काढून कमिशनची रचना समजावण्याला या क्षेत्रात प्लॅन दाखवणे म्हणतात. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या हळदीकुंकवाच्या दिवसांत बायका एकमेकींकडे जातच असल्यामुळे, सौंदर्यप्रसाधने आणि स्वयंपाकघरातल्या वस्तू दाखवायला त्या भेटी सोयीच्या पडत. ही कल्पना नवी नव्हती. अमेरिकेत टपरवेअरचे डबे १९५१ पासून दुकानांतून काढून घेऊन घरगुती बैठकींतूनच विकले जाऊ लागले होते, आणि ब्राउनी वाइज या विक्रेतीने ती पद्धत उभी केली होती.

या भेटीचे खरे बळ कशात होते, हे एखादे प्रात्यक्षिक जवळून पाहिल्यावर कळते. भांडी घासायच्या घट्ट द्रावणाची बाटली विक्रेती उघडते, मापाच्या झाकणाने थोडे द्रावण दुसऱ्या रिकाम्या बाटलीत घालते, वर पाणी ओतून ती हलवते आणि यजमानीणबाईंनाच म्हणते, "वहिनी, तुमची रोजची कढई आणा ना." कढई येते, घासली जाते, आणि तेवढ्या वेळात बघणाऱ्या बायका प्रश्न विचारतात: पाणी बोअरचे असेल तर फेस येतो का, हाताची साले निघतात का, एक बाटली किती दिवस पुरते, आमच्याकडे पाच माणसे आहेत. यातला प्रत्येक प्रश्न विशिष्ट घराचा असतो आणि त्याचे उत्तर छापील पत्रकात सापडत नाही. प्रसाधनांच्या बाबतीत तर भेटीला पर्यायच नाही. फाउंडेशनची छटा जबड्याच्या कडेला लावून गॅलरीतल्या उजेडात पाहावी लागते, आणि कातडी नाजूक असेल तर क्रीमचा ठिपका कोपराच्या आतल्या बाजूस लावून एक दिवस थांबावे लागते. फोनच्या कॅमेऱ्यातून दिसणारी छटा त्या खोलीतल्या दिव्यावर आणि फिल्टरवर अवलंबून असल्यामुळे तिच्यावर विसंबून चालत नाही.

तरीही प्रत्यक्ष भेट म्हणजे सगळे निर्मळ, असे म्हणता येणार नाही. घरी आलेल्या जावेला, नणंदेला किंवा साहेबांच्या पत्नीला नाही कसे म्हणायचे, या भिडेखातर घेतलेला माल हा या व्यवसायातला मोठा हिस्सा होता, आणि तो माल बहुतेक वेळा माळ्यावर जाऊन पडे. चहाला म्हणून बोलावून प्लॅन दाखवणे ही तर उघड फसवणूकच होती, कारण बोलावण्यामागचा हेतू आधी कळला असता तर निम्मे लोक आलेच नसते. भिडेने झालेली विक्री एकदाच होते. दुसऱ्या वेळी त्या घराचे दार उघडते, पण नाते आक्रसलेले असते. अनेक विक्रेत्यांनी सहा महिन्यांत काम सोडले त्याचे कारण मालाचा दर्जा हे क्वचितच होते. यादीतली शंभर नावे भिडेने वापरून संपली होती आणि एकशे एकावे नाव आणायचे कुठून, हे कोणी शिकवलेच नव्हते.

पडद्याने काय दिले

ऑनलाइन पद्धतीचा पहिला आणि मोठा गुण हा, की तिने भीड सैल केली. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला निरोप वाचून गप्प राहता येते, झूमवरच्या बैठकीतून कोणाचा अपमान न करता बाहेर पडता येते, स्टेटस पाहूनही काही न विचारण्याची मुभा असते. विक्रेत्याला हे त्रासाचे वाटते खरे, कारण कॅमेरे बंद ठेवलेल्या काळ्या चौकटींसमोर बोलताना कोण ऐकते आहे हेच कळत नाही. पण जो या सगळ्यातून गाळून पुढे येतो आणि आपण होऊन विचारतो, त्याचे विचारणे खरे असते. या दृष्टीने व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीची एक अट अभ्यासण्यासारखी आहे. ब्रॉडकास्ट म्हणजे एकच निरोप अनेकांना स्वतंत्रपणे पाठवण्याची सोय; परंतु ज्याने पाठवणाऱ्याचा क्रमांक आपल्या फोनमध्ये साठवलेला आहे, त्यालाच तो निरोप पोहोचतो. म्हणजे आपली यादी कितीही लांब असली, तरी आपल्याला ओळख देणारी माणसे किती, हे ती अट परस्पर ठरवून टाकते.

दुसरा गुण नोंदीचा. साबण, टूथपेस्ट, प्रोटीनची भुकटी या वस्तू संपतात आणि पुन्हा लागतात, म्हणून या व्यवसायाचा कणा नव्या ग्राहकापेक्षा परत घेणाऱ्या ग्राहकावर उभा असतो. कोणाची बाटली केव्हा संपेल, कोणाला कोणता सुगंध चालत नाही, कोणाचा परतावा अडला आहे, हे पूर्वी डोक्यात किंवा वहीत राही; आता ते फोनमध्ये तारखेनिशी राहते आणि वेळेवर आठवण करता येते. पैसे यूपीआयने गेल्यामुळे देण्याघेण्याचा पुरावा राहतो, आणि बोललेला शब्द लेखी निरोपात असल्यामुळे तो नाकारता येत नाही. लग्न होऊन किंवा बदलीमुळे दुसऱ्या शहरात गेलेली ग्राहक तुटत नाही, हाही त्यातलाच लाभ आहे.

पडद्याने एक गोष्ट मात्र नकळत हिरावून घेतली. पूर्वी विक्रेता कंपनीच्या केंद्रातून एकगठ्ठा माल उचलून पिशव्या लोकलमधून किंवा एसटीतून नेऊन घरोघरी देई. हे काम कष्टाचे होते, पण माल देण्याच्या निमित्ताने तो दर महिन्याला त्या घरात जाई, आणि उंबऱ्यावर उभ्या उभ्या झालेल्या चार वाक्यांत मागच्या मालाबद्दलची तक्रार बाहेर येई. आता ग्राहकाने दुव्यावर बोट ठेवले की कुरिअर परस्पर घरी जाते. निमित्त संपले तशी भेट संपली, आणि भेट संपल्यावर तक्रार बोलून दाखवली जात नाही, ग्राहक नुसता घेणे थांबवतो. म्हणून ऑनलाइन मागणी स्वीकारणाऱ्या विक्रेत्याने पहिल्या पार्सलनंतर आठ-पंधरा दिवसांत मुद्दाम वेळ ठरवून एक भेट द्यायची, आणि त्या भेटीत नवीन काहीही विकायचे नाही, ही शिस्त अनुभवी लोक पाळतात. त्या भेटीत बाटली उघडली आहे का, पाणी किती घातले जाते, पुरळ उठले का, एवढेच पाहायचे असते. वरवर ही भेट बिनफायद्याची दिसते, पण पुन्हा मागणी येते की नाही, हे बहुतेक वेळा तिथेच ठरते.

भेटीला आणखी एक कारण किमतीचे आहे. थेट विक्रीचा माल आता मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांवरही मिळतो, आणि बैठक चालू असतानाच ग्राहक फोन काढून तिथला भाव बघतो. कंपन्यांच्या संमतीविना अशी विक्री करण्यास दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी जुलै २०१९ मध्ये मनाई केली होती, परंतु खंडपीठाने तो आदेश जानेवारी २०२० मध्ये रद्द केला. भावाचे संरक्षण असे हातात नसल्यामुळे, वस्तू कशी वापरायची हे दाखवणे आणि ती न मानवल्यास परत घेण्यासाठी धावणे, एवढीच सेवा विक्रेत्याकडे स्वतःची म्हणून उरते.

कायद्याने आखलेली वाटणी

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली २८ डिसेंबर २०२१ रोजी अधिसूचित झालेले थेट विक्रीचे नियम बारकाईने वाचले, तर तेही याच दोन टोकांभोवती फिरताना दिसतात. ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ किंवा संमती घेतल्याशिवाय विक्रेत्याने ग्राहकाच्या घरी जाऊ नये, बोलण्याच्या सुरुवातीलाच आपण कोण, कोणत्या कंपनीचे आणि कशासाठी आलो हे खरेखरे सांगावे, या तरतुदी ग्राहकाच्या नकाराचे रक्षण करतात. विक्रेत्याशी कंपनीचा लेखी करार असावा, नोंदणी शुल्क घेऊ नये, माल परत करण्याची सोय असावी, तक्रार निवारण अधिकारी असावा, तक्रारीची पोच ४८ कामकाजाच्या तासांत द्यावी आणि तिचे निवारण सामान्यतः एका महिन्यात करावे, या तरतुदी जाब विचारण्याची सोय करतात. ऑनलाइन मंचावरून विकणाऱ्यांना यांखेरीज २०२० चे ई-वाणिज्य नियमही लागू होतात.

पडद्यावर काम करणाऱ्यांनी त्यातल्या आणखी दोन तरतुदी पाठच करायला हव्यात. कंपनीने मंजूर न केलेले साहित्य कोणालाही देऊ नये, आणि कंपनीच्या अधिकृत दाव्यांशी विसंगत दावा करू नये. समूहात फिरत आलेला फलक, कोणीतरी बनवलेला व्हिडिओ, 'याने शुगर कायमची गेली' असा अनुभव पुढे ढकलताना आपण नुसता निरोप दिला असे विक्रेत्याला वाटते. प्रत्यक्षात तो दावाच असतो. मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूई उपाय अधिनियमाने बंदी केलेली आहे, आणि अन्नपूरक वस्तू औषध नाही हे तिच्या वेष्टनावरच लिहिलेले असते. व्हॉट्सअ‍ॅपने भारतात २०१८ पासून एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवता येईल आणि अनेकदा फिरलेला निरोप एप्रिल २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी जाईल अशी मर्यादा घातली, तरी तो पाठवणारे बोट आपलेच असते. याउलट समोर बसलेल्या काकांना "काका, सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत?" असे विचारणे, वेष्टनावरचा मजकूर त्यांना वाचून दाखवणे आणि डॉक्टरांना विचारून मगच घ्या असे सांगणे, यात विक्री लांबते, पण विश्वास तिथेच बसतो.

नोंदणीच्या वेळचा एक प्रसंग तर वारंवार घडतो आणि म्हणून तो तपशिलाने सांगितला पाहिजे. मावशींना फक्त टूथपेस्ट हवी असते. विक्रेता त्यांच्याच क्रमांकावरून नोंदणी करतो, "मावशी, एक ओटीपी आला असेल, तेवढा सांगा," म्हणतो, चार ठिकाणी खुणा करतो, आणि मावशी ग्राहक न राहता विक्रेता म्हणून नोंदल्या जातात. त्यांच्या नावाखाली पॉइंट मोजले जातात, करार त्यांनी वाचलेला नसतो, आणि पुढे काही बिघडले तर आपले नाव कुठे लागले आहे हेच त्यांना ठाऊक नसते. इथे भेट झाली, पण जाब देणारा कोणी नाही. पडदा वापरला, पण नकाराची संधी मिळालीच नाही. दोन्ही पद्धतींतले नेमके दोष एकत्र आणणारा हा मेळ आहे. योग्य रीत अशी, की कराराचा दुवा आधी मावशींच्या फोनवर पाठवावा, मुलाला किंवा सुनेला वाचायला सांगावा, एक-दोन दिवस मध्ये जाऊ द्यावेत, आणि मग समोर बसून प्रत्येक रकाना त्यांच्याच बोटाने भरून घ्यावा.

वेग वाढला, गणित तेच राहिले

ऑनलाइन साधनांनी माणसे जोडण्याचा वेग वाढवल्यामुळे, माल बाजूला सारून नुसती माणसेच जोडत जाण्याचा मोह फार वाढला आहे. माल विकला न जाता नव्या माणसाच्या भरतीवरच जुन्याची मिळकत उभी असेल, तर ती पिरॅमिड योजना होते; २०२१ च्या नियमांनी तिला मनाई केली आहे, आणि पैशाचे अभिसरण करणाऱ्या योजनांवर तर १९७८ च्या केंद्रीय कायद्यापासून बंदी आहे. फळ्यावर नेहमी काढले जाणारे चित्र घ्यावे: एकाने सहा जण जोडले, त्या सहांनी प्रत्येकी सहा, आणि असेच पुढे. दहाव्या पायरीवर ६ कोटी ४ लाखांहून अधिक माणसे लागतात, आणि अकराव्या पायरीवर ३६ कोटी २७ लाखांहून अधिक. २०११ च्या जनगणनेत सगळ्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख होती. झूमवर एका रात्रीत पाचशे माणसे आली म्हणून हे गणित बदलत नाही, त्याचा शेवट मात्र लवकर येतो. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने १९७९ मध्ये अ‍ॅमवेच्या प्रकरणात ती पिरॅमिड योजना नाही असा निष्कर्ष काढला, तेव्हाही घेतलेल्या मालाचा ठरावीक हिस्सा खरोखर विकणे आणि महिन्याला दहा किरकोळ ग्राहकांना विक्री करणे या कंपनीच्या नियमांना त्यात महत्त्व होते. टिकाऊ कामाची कसोटी तेव्हा जी होती तीच आजही आहे: कमिशनची आशा नसलेला माणूस ही वस्तू या भावाला पुन्हा घेतो का?

या कसोटीला धरून दोन्ही पद्धतींची वाटणी करता येते. ओळख करून देणे, वस्तूची किंमत व वेष्टनावरचा मजकूर आधी पाठवणे, येऊ का असे विचारणे, नकार आला तर तो एका शब्दात स्वीकारणे, मागणी, पैसे, पावती, आठवण आणि तक्रारीची लेखी नोंद ही सारी कामे फोनवर करावीत. प्रात्यक्षिक, प्रकृतीशी संबंधित प्रश्न, नव्या विक्रेत्याशी कराराची बोलणी, त्याच्या पहिल्या काही ग्राहकांकडे सोबत जाणे, आणि बिघडलेला व्यवहार निस्तरणे ही कामे समोर बसूनच करावीत. मिळकतीबद्दलचे बोलणे तर दोन्हीकडे सारखेच करावे. जो आकडा लेखी निरोपात पाठवायला हात धजत नाही, तो बैठकीतही बोलू नये. महिनाअखेरीस पॉइंट भरण्यासाठी स्वतःच्या खिशातून माल उचलण्याची सवय दोन्ही पद्धतींना सारखीच घातक आहे, कारण त्या मालाला ग्राहकच नसतो.

ज्यांनी हा व्यवसाय पत्करला आहे किंवा जे पत्करण्याच्या विचारात आहेत, त्यांनी तंत्र शिकण्याआधी एक साधी तपासणी करावी. आपल्या ग्राहकांची यादी काढावी, आणि त्यातल्या प्रत्येकापुढे दोन प्रश्नांची उत्तरे लिहावीत: याला आपल्याला न दुखावता नाही म्हणता आले असते का, आणि उद्या माल बिघडला तर हा आपल्याला कोणत्या दारात गाठील? ज्या नावांपुढे दोन्ही उत्तरे समाधानकारक येतील, तेवढाच आपला खरा व्यवसाय. बाकीची नावे पॉइंटांच्या हिशेबात कितीही मोठी दिसली, तरी ती नव्याने आणि सचोटीने जोडायची आहेत.